काळ्या नळीतला दिवा

नांदेड
१२ जानेवारी २०२५

आनंदराज,

जयभीम. फोन असताना ताई पत्र का लिहून राहिली, असं तुला वाटेल. आमच्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. इकडे बोललेलं पलीकडच्या खोलीत जसंच्या तसं ऐकू जातं, आणि पलीकडच्या खोलीत वहिनी असतात. हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे, आणि एवढं मेसेजवर टाइप करणं माझ्यानं होत नाही. म्हणून उत्तर घरी पाठवू नकोस. खाली माझ्या शाळेचा पत्ता दिलाय, तिकडे पाठव.

दादा गेल्यापासून काळी पेटी वहिनी वाजवतात, हे तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं मामे-आतेभाऊ लातूरला तुझ्या खोलीत ती जोडत बसायचात, तेव्हा मी हसले होते. बाजारात एवढे सिंथेसायझर मिळतात आणि हे दोघं पत्र्याच्या डब्यात काय शिजवून राहिलेत म्हणून. पण आपल्या गायन पार्टीचं नाव झालं ते त्या पेटीनंच. गावोगाव लोक पार्टीचं नाव विसरतात आणि ‘ती रडणाऱ्या पेटीवाली पार्टी’ म्हणून सुपारी देतात. दादा एक सूर लावायचा, तो लख्ख उघडायचा आणि मग सावकाश मिटत जायचा. बाबासाहेबांवरचं शेवटचं गाणं असलं की मिटणाऱ्या सुराबरोबर मांडवातल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या.

आता तो सूर मिटत नाही. धम्मचक्र दिनाला वहिनी पहिल्यांदा ती घेऊन स्टेजवर बसल्या, तेव्हापासून मी बघतेय. घरी सरावाला बसलो की पेटी अगदी दादाच्या वेळेसारखी वाजते. स्टेजवर नेली की तोंड वासून ओरडते, वर एक बारीक घूं घूं चालू राहते ती वेगळीच. मुदखेडला दुपारच्या कार्यक्रमात मला गाणं मध्येच सोडावं लागलं. पुढच्या रांगेत नागुबाई आत्या बसल्या होत्या, त्यांनी कानावर हात ठेवले.

घरी नीट आणि चारचौघांत बिघडलेली. यंत्र कधी माणसं बघून बिघडतं का? वाजवणारा बिघडवतो.

त्याच मुदखेडला उदगीरचा मल्लिनाथ आला होता, तो ऑर्केस्ट्रावाला. स्टेजच्या मागं वहिनींशी बोलत उभा होता. मला बघितलं आणि दोघंही गप्प झाले. घरी वहिनींचा फोन हल्ली उपडा ठेवलेला असतो. वाजला की घेऊन त्या गच्चीवर जातात. मला वाटतं, त्यांना पार्टी सोडायची आहे. नुसती सोडायची असती तर सोडली असती, पण आधी पार्टीचं नाव घालवायचं आणि मग पेटी घेऊन उदगीरला जायचं, असं काहीतरी ठरलेलं दिसतंय.

जयंतीला आपला कार्यक्रम मोठ्या मैदानावर आहे. तिथं असं झालं तर दादाची पार्टी तिथंच संपली. मला एवढंच सांग, झाकण न उघडता, लोकांसमोर, आवाज असा बिघडवता येतो का?

तुझी,
विशाखाताई

०

लातूर
२१ जानेवारी

विशाखाताई,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनींबद्दल तू जे लिहिलंस ते माझ्या मनाला पटत नाही, पण आधी पेटीचं सांगतो.

पेटीत जो कच्चा सूर तयार होतो त्यात सगळंच असतं. खालचा घुमारा असतो आणि वरची कापणारी किनारही असते. फिल्टर म्हणजे त्याची चाळण. भोकं मोठी केली की किनार खाली येते, सूर चकाकतो. बारीक केली की नुसता घुमारा उरतो. आता ही भोकं लहानमोठी करायची कशी? आपल्या पेटीत ते काम उजेड करतो. एक काळी नळी आहे, बोटाच्या पेराएवढी. तिच्या एका टोकाला बारका दिवा आणि त्याच्यासमोर एलडीआर. एलडीआर म्हणजे उजेड पडला की वीज मोकळी सोडणारा आणि अंधारात अडवून धरणारा एक तुकडा. पट्टी दाबली की नळीतला दिवा पेटतो, चाळण उघडते. पट्टी सोडली की दिवा विझतो.

दिवा विझतो, पण एलडीआरला अंधार लगेच पटत नाही. तो सावकाश, कुरकुरत आपलं दार लावतो. तुला जे मिटणं ऐकू येतं ते हेच. मी आधी दुसरा फिल्टर जोडला होता, बिनदिव्याचा. तो झटकन उघडायचा आणि झटकन बंद व्हायचा. दादा म्हणाला, “आन्या, माणूस असं रडणं थांबवत नसतो.” मग ही नळी आली.

झाकण न उघडता कुणी बटणं फिरवून आवाज थोडाफार बदलू शकतो. पण सूर मिटूच नये, असं बाहेरून करता येत नाही. एक तर आतला दिवा पुरता विझत नसेल, नाहीतर एलडीआर म्हातारा झाला असेल. मी बघतो काय ते. तू मात्र पेटी उघडू नकोस. बारीक तारा आहेत, एक तुटली तर नवीन दुखणं. आणि वहिनींना काही बोलू नकोस. त्यांच्या हातून असं होणार नाही.

तुझा,
आनंदराज

०

नांदेड
१० फेब्रुवारी

आनंदराज,

तू उघडू नकोस म्हणालास, मी उघडली नाही. पण दुसरं कुणी उघडतंय का, ते बघायची तजवीज केली. शेजारच्या सिंधूकडून नेलपॉलिश आणली आणि झाकणाच्या स्क्रूंवर एक एक थेंब सोडला, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. स्क्रू फिरवला तर थेंब तडकणार. पेटी काळी, थेंबही काळपट लाल. मुद्दाम बघितल्याशिवाय दिसायचे नाहीत.

काल मी बाजार करून आले आणि आधी पेटी बघितली. सगळे थेंब तडकलेले.

वहिनी स्वयंपाकघरात भाकरी करत होत्या. मी दारात उभी राहिले.

“वहिनी, पेटी कुणी उघडली होती का?”

“न्हाई की. कोण उघडंल?”

“तुम्ही?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

एवढं बोलून भाकरी उलटायला गेल्या आणि बोटं तव्याला लागली. चांगलाच चटका बसला असणार. पण तोंडातून हूं का चूं नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला चटकासुद्धा लपवावा लागतो, हे मी काल बघितलं.

तू लिहितोस, त्यांच्या हातून असं होणार नाही. आता बोल. मुखेडच्या कार्यक्रमात परवा पुन्हा तेच झालं. संयोजकांनी जाताना पाणी सुद्धा विचारलं नाही.

विशाखाताई

०

लातूर
१७ फेब्रुवारी

विशाखाताई,

जयभीम. नेलपॉलिशचं मला आधी सांगायला पाहिजे होतंस.

आता मी एक विचारतो, राग मानू नकोस. नळीला वरच्या बाजूनं ब्लेडनं चीर पाडलेली आहे. उंदरानं कुरतडल्यासारखी नाही. सरळ, नीट, खिडकी कापावी तशी. आणि तिच्या बरोबर वर झाकणाला गोल भोक आहे. मी ती नळी काळी चिकटपट्टी गुंडाळून बंद केली होती, आणि झाकणाला असलं भोक मी कधी पाडलं नव्हतं. ज्यानं हे केलं त्याला पेटीत कुठं काय आहे ते चांगलं माहीत होतं, आणि त्याला वेळही भरपूर मिळाला होता. चीर देताना आतलं काहीतरी दुखावलं असणार.

दादा गेल्यावर पेटी बरेच दिवस तुझ्या खोलीत कुलपात होती. वहिनींच्या हातात ती नंतर आली. मधल्या काळात तू ती कुणाला दाखवली होतीस का? दुसऱ्या कुणी दादाच्या जागेवर बसून ती वाजवू नये, असं तुझ्या मनात होतं. तू मला तसं तेव्हा बोलूनही दाखवलं होतंस. ताई, तूच तर कुणाकडून काही करून घेतलं नाहीस ना?

असेल तर सांग, मी कुणाला कळू देणार नाही. पेटी बसने माझ्याकडे पाठवून दे.

आनंदराज

०

नांदेड
२१ फेब्रुवारी

आनंदराज,

नळीला चीर आहे हे तुला लातुरात बसून कसं दिसलं?

झाकणाचं भोक मलाही रोज दिसायचं, ते तूच हवेसाठी ठेवलं असशील असं वाटायचं, पण चीर आतली. मी लिहिलं नाही. मी पेटी उघडली नाही, तर मला तरी कुठून माहीत असणार? मी फक्त थेंब तडकले एवढंच लिहिलं. म्हणजे ज्यानं झाकण उघडलं त्यानं तुला सांगितलं. पत्र मी तुला लिहायचं आणि तू ते तिकडे वाचून दाखवायचंस. आणि वर मलाच विचारतोस की तूच केलं नाहीस ना.

वहिनींना मी विचारलं. या वेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले, पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही येऊ नका. त्यांनी पिशवी भरली आणि मुदखेडला माहेरी निघून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

पेटी मी पाठवणार नाही. तुझ्याकडे तर नाहीच.

विशाखा

०

मुदखेड
३ मार्च

विशाखाताई,

जयभीम. तुम्ही फोन उचलत न्हाई म्हणून लिहिते. पूर्ण वाचा, मग फाडायचं तर फाडा.

पेटी मी उघडली. तुम्हाला खोटं बोलले. आनंदराजनी फोनवर सांगितलं होतं, झाकण काढ आणि नळीचा फोटो पाठव. तुम्ही बाजारला गेलेल्या बघून मी काढलं. पण भोक मी पाडलं न्हाई आणि चीर मी दिली न्हाई. इथं बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून लिहितेय. झाकण उघडलं तेव्हा दोन्ही होतं. भोकाला आतून कानस मारलेली होती, बोट फिरवलं तर कुठं टोचत न्हाई.

मल्लिनाथ मला त्यांच्या ऑर्केस्ट्रात ये म्हणून मागं लागले होते. मी म्हणाले, पेटी माझी न्हाई आणि मी पण मोकळी न्हाई. तेवढ्यात तुम्ही आलात.

मोकळी न्हाई म्हणाले, ते का, तेच आता सांगते. आनंदराजचं आणि माझं वर्षभरापासून बोलणं चालू हाय. आधी नुसतं पेटीबद्दल असायचं. कोणतं बटण कशाला, सूर कसा धरायचा. मग जेवल्या का, झोप लागते का, असं. त्यांनी विचारलं आणि मी हाव म्हणाले. आम्हाला लग्न करायचं हाय. जयंती झाली की दोघं मिळून तुमच्यापुढं बसून सांगणार होतो. आधी सांगायचा धीर झाला न्हाई. तुम्ही अजून रोज सकाळी तुमच्या दादांची चप्पल पुसून दारात ठेवता. त्या चपलीवरून जाऊन मी तुम्हाला काय सांगणार होते?

ताई, तुम्ही म्हणता मी पेटी बिघडवली. मला काय वाटायचं ते ऐका. घरी ती माझ्यासंगं नीट बोलायची. स्टेजवर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडायची. मला वाटायचं, तुमच्या दादांना कळलं. माझ्या मनात दुसरं कुणी आलं हे त्यांना कळलं, म्हणून चारचौघांत मला बोलून राहिले. मी सायन्स शिकलेली बाई, असं वाटू नये. पण वाटायचं. ओरडली की मी आणखी चुकायचे.

आता तुम्हाला सांगून टाकलं. जयंतीला दुसरं कुणी बघा.

पंचशीला

०

नांदेड
२३ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी रागात होते आणि अजून थोडी आहे. वर्षभर मला कळू दिलं नाही, तो राग वेगळा, तो मी नंतर काढीन. आधी पेटीचं.

जयंतीला दुसरं कुणी मिळेना, म्हणून मी स्वतःच शिकायला बसले. खोलीत बसून चार दिवस बोटं बसवली. मला वाजवता येत नाही, पण सूर तरी दादाचा निघत होता. मग आज सकाळी खोलीत पाहुणे होते म्हणून पेटी उचलून अंगणात नेली. ऊन चांगलं वर आलं होतं. पहिली पट्टी दाबली आणि पेटी ओरडली. तशीच, मुदखेडसारखी. तोंड वासून.

घरात तुम्ही नव्हता. मल्लिनाथ नव्हता. आनंदराज लातुरात होता. मग बिघडवली कुणी? पेटी आत नेली, ती नीट वाजली. बाहेर आणली, ओरडली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पाहुण्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

आनंदराजनं लिहिलं होतं, नळीतला एलडीआर उजेड पडला की उघडतो. नळीला खिडकी आणि झाकणाला भोक, म्हणजे बाहेरचा उजेड सरळ त्याच्यावर. आतला दिवा विझला तरी त्याच्यासाठी दिवस चालूच. मग तो दार लावील कशाला? मी उन्हात बसून भोकावर तळहात धरला. सूर मिटला, वहिनी. हात हलवला तसा तो उघडला, झाकला तसा मिटला. बोटं जरा पसरून धरली तर मध्येच अर्धवट थांबला, हुंदका आवरल्यासारखा.

मग मी मोबाईलमधले दादाचे जुने व्हिडिओ काढले. दरवेळी मी माझ्याकडेच बघायचे, आवाज कसा लागला म्हणून. या वेळी त्याच्याकडे बघितलं. उजवा हात पट्ट्यांवर. डावा हात पेटीच्या वर, न टेकवता, नुसता तरंगता. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, रंगात आला की दादा असा हात हलवतो. तो हात त्या भोकावर होता. प्रत्येक व्हिडिओत.

भोक त्यानंच पाडलं. चीर त्यानंच दिली. आनंदराजनं त्यालाही पेटी उघडायची नाही म्हणून बजावलं असणार, म्हणून त्यानं ते आनंदराजला सांगितलं नसणार. मला सांगितलं असतं तर मी आनंदराजला सांगितलं असतं, तेही त्याला माहीत होतं. तुमचा डावा हात दुसऱ्या कीबोर्डवर असतो. भोक उघडंच राहायचं आणि स्टेजचे हॅलोजन सरळ आत शिरायचे. ती घूं घूं सुद्धा त्यांचीच असणार, दिवा विजेबरोबर थरथरतो ना.

पेटी उजेडावर ओरडत होती. तुमच्यावर नाही. हे मला तुम्हाला सगळ्यात आधी कळवायचं होतं.

दुसऱ्या कीबोर्डला आपण कुणीतरी बघू. तुमचा डावा हात पेटीवर पाहिजे. मी करून बघितलं, माझ्याच्यानं नुसती उघडझाप होते. तुम्ही या. दिवस थोडे आहेत आणि हात बसायला वेळ लागेल.

विशाखा

०

नांदेड
१७ एप्रिल

आनंदराज,

जयभीम. जयंतीच्या कार्यक्रमात तू साउंडवाल्याच्या मागं उभा होतास, ते मी स्टेजवरून बघितलं. कार्यक्रम संपल्यावर मी खाली उतरेपर्यंत गायब झालास. वहिनींनाही भेटला नाहीस. मला भिऊन पळालास, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

तू ऐकलंसच, तरी लिहिते. स्टेजवर एवढा उजेड होता की मला समोरचं माणूस दिसत नव्हतं. पहिल्या दोन गाण्यांत वहिनींचा हात चुकत होता, पेटी मध्येच किंचाळायची आणि मी त्यांच्याकडे न बघता गात राहिले. तिसऱ्या गाण्यापासून हात बसला. शेवटच्या गाण्यात त्यांनी जे केलं ते दादाचं नव्हतं. दादा सूर एकदाच मिटवायचा. वहिनींनी तो मिटत आणला, आता गेला असं वाटलं, आणि बोटं जराशी उघडून पुन्हा थोडा वर आणला. मैदानावर एवढी माणसं, पण खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. मी पुढची ओळ उचलायला विसरले. ती त्यांनी पेटीवरच म्हटली.

घरी येताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही कधी बसवलंत? त्या म्हणाल्या, “बसवलं न्हाई ताई. हात तसा गेला.”

तुझ्यावर मी रागावले होते आणि तू माझ्यावर संशय घेतलास, तेही मी विसरलेले नाही. पण ते आपण भाऊ-बहीण समोरासमोर बघू. आज दुसऱ्या कामासाठी लिहितेय.

परवा मामीचा फोन आला होता. लग्नाचं तुम्ही घरी सांगितलंत, बरं केलंत. मामी म्हणाली, आत्येबहीण म्हणून आनंदराजच्या बाजूनं तूच पुढं हो. मी नाही म्हणाले. वहिनींच्या माहेरी आता थकलेल्या आईशिवाय कुणी नाही. या घरातून त्या निघणार, तर या घरातलं कुणीतरी त्यांच्याकडून उभं राहिलं पाहिजे. मी मुलीकडची आहे.

तेव्हा आता नीट वाच. तू दारू सोडलीस असं म्हणतोस, ते खरं कशावरून? सोडल्याचं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी बघितलंय का? तुझी ती लातूरची खोली आम्ही बघितलेली आहे, तारा आणि भंगार सोडून तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. तिथं दोन माणसं राहणार कशी? वहिनींची इथली नोकरी आहे, तिची बदली तू बघणार की त्यांनी सोडावी असं तुझ्या मनात आहे? कार्यक्रम असला की त्यांना नांदेडला पाठवशील, की आधी हाव म्हणून मग तोंड पाडून बसशील? आणि त्यांना दादाची आठवण आली, त्या एखाद्या दिवशी नुसत्याच गप्प बसल्या, तर तू काय करशील?

गोड बोलून भागणार नाही. एकेका गोष्टीचं वेगळं उत्तर पाहिजे. तुझा शब्द मी तसाच धरणार नाही, लातूरला येऊन बघणार आहे. मुलीकडची माणसं आहोत आम्ही, शंका घेणारच.

विशाखा
(वधूपक्षाकडून)